‘नाव सुटली’ दुसऱ्यांदा

पुणे, ५ सप्टेंबर २०२२

ती. शरदिनीआजींना निमिषचा नमस्कार.

मी नरहरआजोबांचा नातू. आजोबांच्या दिवसांना तुम्ही पुण्यात आला होतात तेव्हा मी कॉलेजात होतो. आता सिनेमे करतो. दोन झाले, दोन्ही फारसे कोणी पाहिले नाहीत. प्रमोदिनीकाकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या की आईंना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

मला आजोबांचा ‘नाव सुटली’ पुन्हा करायचा आहे. भावानं काशीत आणून सोडलेली उमा, तिची वाट पाहणं, शेवटी तिचं एकटीनं नावेत बसून निघून जाणं. गोष्ट आजही जुनी वाटत नाही. १९७४च्या कार्तिकात तो तुमच्याच घरी आणि पंचगंगा घाटावर चित्रित झाला, तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात, एवढं मला ठाऊक आहे.

दोन गोष्टी मागतो. आजोबांची चित्रीकरणाची वही तुमच्याकडे राहिली असं बाबा सांगायचे. ती पाहायला मिळाली तर फार बरं होईल. आणि उमाचं पायरीवरचं रडणं. भाऊ परत नेणार नाही हे पत्रातून कळतं आणि ती चार मिनिटं रडते, मध्ये एकही कट नाही. सिनेमा शिकवतात तिथं तो प्रसंग आजही दाखवतात. बकुळताईंनी ते कसं केलं? तुम्ही तिथं होतात. आठवेल तसं, पण तुमच्या हातानं लिहा. काकूंना टाइप करायला सांगू नका.

तुमचा,
निमिष

*

वाराणसी, १६ सप्टेंबर २०२२

चि. निमिष, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. नरहरदादा माझा सख्खा मावसभाऊ, तेव्हा तू नातूच. पण अकरा वर्षांत तुझा एक निरोप नाही आणि आज एकदम दोन पानं, याचं मला नवल वाटलं.

मी इथल्या मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं. कोणी एखादा श्लोक पुन्हा लिहायला घेतला तर मी विचारायची, पहिल्यात काय कमी होतं? तुलाही तेच विचारते. ‘नाव सुटली’मध्ये काय कमी आहे? बक्षिसं मिळाली, पुस्तकं निघाली. जे चांगलं झालं त्याला हात लावू नये. ज्यांचे सिनेमे फसले, त्यांचे पुन्हा करा की. दुनियेत फसलेल्या सिनेमांना तोटा नाही. खरं सांग, यामागे कोण आहे? मुंबईची कंपनी? की आजोबाच्या नावावर स्वतःचं नाव करायचंय?

वही माझ्याकडे नाही. होती तरी वाळवीनं खाल्ली असेल.

बकुळ चांगली नटी होती. मिरजेची. स्वभावानं हळवी, त्यामुळं रडू लगेच यायचं. शेवटी तिची तब्येत बिघडली आणि ती गावी गेली. याहून जास्त मला आठवत नाही, पन्नास वर्षं होत आली.

आणि हातानंच लिहा म्हणजे काय? मी दुसरं कशानं लिहिणार?

शरदिनी

*

पुणे, ३० सप्टेंबर २०२२

ती. आजी,

तुमचा प्रश्न मलाही पडतो. जुना सिनेमा आता कोण पाहतं ते सांगतो. माझ्यासारखे पन्नास-शंभर लोक, तेही शिकताना. मूळ प्रत खराब झाली आहे, आवाज जागोजागी जातो. माझ्या वयाच्या मुलींना विचारलं तर नावही माहीत नाही. नाटक पुन्हा बसवलं की आपण तक्रार करत नाही. दर वीस वर्षांनी नवी नटी तीच भूमिका करते. मग सिनेमानंच एकदा होऊन कायमचं गोठून का राहावं?

शिवाय त्यात मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. शेवटच्या प्रसंगात उमा नावेत बसते ती पाठमोरी. चेहरा एकदाही दिसत नाही. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली की ती आता कोणा एकीची राहिली नाही, वगैरे. मला ते कधी पटलं नाही. अख्खा सिनेमा आजोबांचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही आणि शेवटी पाठ? तुम्हाला काय आठवतं?

बकुळताईंची तब्येत बिघडली म्हणजे नेमकं काय झालं होतं?

निमिष

*

वाराणसी, २१ ऑक्टोबर २०२२

निमिष,

आधी एका गोष्टीचा जवाब दे. गेल्या मंगळवारी दुपारी दोन माणसं घरात आली. प्रमोदिनी बँकेत, मी एकटी. म्हणाले, “माताजी, पुराना घर है, बस फोटो लेंगे.” मी नको म्हणेपर्यंत एकानं टेप काढून चौकाचं माप घेतलं, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, खिडकीची उंची लिहून घेतली. नाव विचारलं तर हसले. आमच्या गल्लीतली चार घरं हॉटेलं झाली आहेत आणि चारही ठिकाणी आधी असेच लोक येऊन गेले. ती तुझी माणसं होती का? सिनेमाच्या नावाखाली घराचा सौदा चालला असेल तर तो माझ्या जिवंतपणी होणार नाही.

तुझ्या प्रश्नांचंही सांगते. तू सिनेमाबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त विचारतोस. बकुळला काय झालं होतं, चेहरा का नाही. जो सिनेमा करायला निघतो तो प्रकाश विचारेल, वेळ विचारेल, पाणी किती पायऱ्यांपर्यंत होतं ते विचारेल. तू पोलिसासारखा विचारतोस.

पाठ का दिसते ते तुझ्या आजोबांना माहीत होतं. ते गेले.

शरदिनी

*

पुणे, २ नोव्हेंबर २०२२

ती. आजी,

माणसं माझीच होती. मालिका-सिनेमांचे सेट बांधणारे आहेत. घराचा सौदा वगैरे काही नाही, उलट तुमच्या घरी चित्रीकरण करावंच लागू नये म्हणून ती मापं हवी होती. तसं घर आम्ही मुंबईला उभारणार आहोत. तुम्हाला न विचारता त्यांना पाठवलं ही माझी चूक. मला वाटलं तुम्ही नाहीच म्हणाल.

आता दुसरी चूक. मी पोलिसासारखा विचारतो हे खरं आहे. तुम्हाला पहिलं पत्र लिहिण्याआधी मी मिरजेला जाऊन आलो होतो. बकुळताई आहेत. एकाहत्तर वर्षांच्या, एकट्याच राहतात. ‘नाव सुटली’नंतर त्यांनी कधीच काम केलं नाही. परवानगी मागितली तर त्यांनी कपाटातून एक तार काढून माझ्यापुढे ठेवली. तिची झेरॉक्स सोबत आहे.

“माताजी का स्वर्गवास। तुरंत आइए।” १४ नोव्हेंबर १९७४. त्या दिवशी त्यांची आई मिरजेत धडधाकट होती. आजोबांना खरं रडू हवं होतं, म्हणून त्यांना ही तार कॅमेऱ्यासमोर दिली गेली. आम्हाला जे आदर्श म्हणून दाखवतात ते हे रडणं आहे.

त्या मला म्हणाल्या, “चार वर्षांनी आई खरी गेली. मला रडूच आलं नाही. बायका कुजबुजल्या, मुलगी दगड आहे म्हणून. मी काय सांगणार होते? तिच्यासाठीचं रडून झालं होतं आणि ते थिएटरात तिकीट लावून दाखवत होते.”

मग त्यांनी एवढंच विचारलं: “नरहरचं अक्षर मी ओळखते. हे त्याचं नाही. कोणाचं आहे?”

म्हणून मी तुम्हाला हातानं लिहा म्हटलं. तुमच्या दोन्ही पत्रांत ‘त’चं शेपूट खाली जाऊन डावीकडे वळतं. तारेतही वळतं. मी चुकत असेन तर तसं लिहा, मी क्षमा मागेन.

निमिष

*

वाराणसी, ११ जानेवारी २०२३

निमिष,

दोन महिने लिहिलं नाही. तुझी झेरॉक्स मी त्याच दिवशी फाडली. प्रमोदिनीनं तुकडे पाहिले आणि काही विचारलं नाही. त्यानं मला जास्तच जड गेलं.

तू चुकला नाहीस.

तू जाळं टाकलंस याचा राग अजून आहे. पण मीही तुला ती हळवी होती म्हणून लिहिलं, तिची तब्येत बिघडली म्हणून लिहिलं. बकुळ हळवी नव्हती. तिला रडूच यायचं नाही, हीच तर अडचण होती. दोन दिवस सकाळी सकाळी पायऱ्यांवर बसवून दादानं प्रयत्न केले. ती पत्र वाचायची, मान खाली घालायची, आणि दादा ओरडायचा, “खोटं आहे, खोटं दिसतंय.” नावेवर कॅमेरा लावलेला. फिल्मचे दोनच डबे उरले होते, त्यातला एक शेवटच्या प्रसंगासाठी राखलेला. ती म्हणायची, “नरहर, उमा रडेल असं मला वाटतच नाही. ती पत्र घडी करून ठेवेल.” दादा म्हणायचा, “तुला वाटण्याचा प्रश्न नाही.”

तिसऱ्या दिवशी पहाटे तो स्वयंपाकघरात आला. शेजारचे काका तार ऑफिसात होते, त्यांच्याकडून कोरा कागद आणला होता. म्हणाला, “शरू, तुझं अक्षर कारकुनासारखं आहे. एवढं लिही.” मी विचारलं, “हे कशाला?” म्हणाला, “सिनेमात लागतं.” मी लिहिलं.

आजवर मी स्वतःला हेच सांगत आले की मला ती शूटिंगची वस्तू वाटली. तुलाही असंच लिहिणार होते. दोनदा लिहून फाडलं. खरं हे आहे की मला माहीत होतं. त्याला मी म्हटलंसुद्धा, “तिची आई आजारी असते रे.” तो म्हणाला, “पाच मिनिटांचा प्रश्न आहे, नंतर सांगू. हा सिनेमा पन्नास वर्षं टिकेल.” मला दादाचा फार अभिमान होता. माझ्या हातून काहीतरी मोठं घडतंय असंही वाटलं. त्या चार मिनिटांच्या सुरुवातीला एक हात कागद देतो, बघ. तो माझा हात आहे.

तिनं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. नावेपर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “शरू, गाडी किती वाजता आहे?” त्यानंतर ती जी कोसळली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. मी दोन पायऱ्या वर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी होते. तिला धरायला पुढं झाले तर दादानं नावेतून हात केला, लांब राहा. मी लांब राहिले.

डबा संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा पाण्यातून चालत आला, तिचे खांदे धरून म्हणाला, “तुझी आई ठणठणीत आहे. पण तू काय केलंस माहीत आहे?” बकुळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तार घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली, घरी आली, पिशवी भरली आणि गेली. माझ्याशी बोलली नाही. दरवाज्यात मी तिच्या पाया पडले, ती माझ्या बाजूनं निघून गेली. तार लिहिली मी, हे तिला कळलं नव्हतं. फक्त आणून दिली, एवढंच तिनं पाहिलं होतं. कळलं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं. तेही लिहून टाकते.

शेवटचा प्रसंग राहिला होता. तिची पांढरी साडी इथंच होती. पाठमोरी मी आहे.

वही आहे. वाळवी लागलेली नाही. दादानं त्या तारखेला एकच ओळ लिहिली आहे: “आज मिळालं.” वही तुला पाठवते आहे. सिनेमा कर किंवा करू नको. करू नको असं मी सांगत होते ते जुन्याच्या प्रेमापोटी नव्हतं, हे तुला कळलं असेलच.

शरदिनी

*

पुणे, ३ फेब्रुवारी २०२३

ती. आजी,

तुमचं पत्र मी बकुळताईंना वाचून दाखवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुमचा धीर सुटेल अशी मला भीती वाटली.

संपल्यावर त्या म्हणाल्या, “शरू होय. मला तसा संशय आला होता. पण आठ दिवस तिनं मला स्वतःच्या ताटात जेवू घातलं होतं, म्हणून संशय घ्यायची लाज वाटायची.” मग उठून भाजी चिरायला बसल्या. मी निघताना म्हणाल्या, “सिनेमा कर. पण जी मुलगी घेशील तिला आधी सगळं सांग.”

उमाचं काम मालविका करणार आहे. तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “आणि माझ्याशी असं करणार नाही हे मी कशावरून धरून चालू?” वहीतली आजोबांची ती ओळ मी दहादा वाचली. मी असतो तर काय केलं असतं, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

घर मुंबईत उभारतोय, पण घाट उभारता येत नाही. येत्या कार्तिकात तिथं येऊ.

निमिष

*

वाराणसी, १८ फेब्रुवारी २०२३

निमिष,

पत्र वाचून दाखवलंस ते मला आवडलं नाही. पण आता ते जिथं पोचायचं तिथं पोचलं.

माझी एक अट आहे. पायरीवरचा प्रसंग घेशील तेव्हा मी तिथं बसणार. अगदी जवळ. त्या मुलीच्या कानात कोणी काही सांगितलं तर ते मला ऐकू येणार नाही, तेव्हा मी उठून विचारेन. सगळ्यांसमोर विचारेन. चालत असेल तर ये.

शरदिनी

*

वाराणसी, २४ नोव्हेंबर २०२३

प्रिय बकुळ,

तुला पत्र लिहायचा मला हक्क नाही. माझ्याबद्दल जे होतं ते निमिषनं तुला वाचून दाखवलंच आहे, ते इथं पुन्हा लिहून क्षमा मागत नाही. आपल्या घाटावर काय झालं तेवढं कळवते. ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

पंचगंगेला आकाशदिव्यांचे बांबू उभे होते, तेव्हा होते तसेच. पाणी यंदा जरा वर होतं, तुझी पायरी बुडालेली होती, म्हणून मालविकाला दोन पायऱ्या वर बसवलं. मी खुर्ची घेऊन तिच्यापासून चार हातांवर. लोकांना वाटलं कोणाची तरी आजी कौतुकानं आली आहे. मी पाळत ठेवायला आले होते.

तीन वेळा घेतलं. मुलीला रडू येईना. ती दमली, चेहरा ओढला गेला. मुंबईहून आलेला कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. तो निमिषपाशी जाऊन काहीतरी म्हणाला. निमिष उठला, मुलीजवळ गेला, वाकला आणि तिच्या कानाशी बोलला. बकुळ, तसाच वाकलेला, खांद्यावर हात तसाच. अगदी नरहरदादा.

मी उठले. गुडघे दुखतात, तरी उठले. म्हटलं, “काय सांगितलंस तिला? मोठ्यानं सांग.”

निमिषचा चेहरा पडला. तो म्हणाला, “आजी, नंतर बोलू.” मी म्हटलं, “नंतर म्हणजे मला माहीत आहे. आत्ता.”

मग ती मुलगीच बोलली. “आजी, ते म्हणाले, रडू नाही आलं तर राहू दे. पत्र वाच, तुला उठावंसं वाटेल तेव्हा ऊठ आणि घरी चल.”

मी तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं, “खरं?” ती म्हणाली, “खरं.” तरी माझा विश्वास बसला नाही. मी निमिषकडे बघत राहिले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं असेल. पन्नास माणसांत मी त्याचा अपमान केला होता.

चौथ्या वेळी तिनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. घडी केली, आणखी घडी केली, अगदी बोटाएवढी, आणि कंबरेला खोचली. उठून दोन पायऱ्या चढली, परत बसली. मग चढून गेली. दीड मिनिट. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कंपनीचा माणूस म्हणाला, “हो गया? बस?” निमिष म्हणाला, “हो गया.”

उमा पत्र घडी करून ठेवेल असं तू म्हणाली होतीस. ते मी त्या मुलीला सांगितलं नव्हतं, निमिषनं सांगितलं का ते मी विचारलं नाही. त्या दिवसापुरतं माझं विचारून झालं होतं.

तुझी,
शरदिनी

*

मिरज, १९ सप्टेंबर २०२४

शरू,

तुझ्या पत्राला दहा महिन्यांनी उत्तर देते आहे. सिनेमा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सांगलीला लागला तेव्हा शेजारच्या अवनीला घेऊन गेले. थिएटरात आम्ही धरून चौदा माणसं.

स्पष्ट लिहिते. नरहरचा जास्त चांगला होता. त्याला चेहरा कळायचा, सावली कळायची. तुझा निमिष घाबरत घाबरत काम करतो आणि ते दिसतं. मधला भाग लांबला आहे. पायरीचा प्रसंग आला आणि गेला, अवनी तेव्हा लाह्या खात होती. उद्या कोणी हा प्रसंग कोणाला शिकवणार नाही.

पण मी तो शेवटपर्यंत बसून पाहिला. नरहरचा मी आजवर कधी पुरा पाहिलेला नाही. पायरी आली की उठून बाहेर येते. लोक मला विचारतात, चांगल्या सिनेमाचं पुन्हा कशाला? त्यांना मी काही सांगत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर उमाचं पुढं काय झालं ते मला आता कळलं. नावेत बसताना ती मुलगी वळून बघते. चेहरा बरा आहे तिचा.

माफ केलं असं लिहिणार नाही. तसं अजून झालेलं नाही आणि खोटं लिहिलेला एक कागद माझ्या घरात पुरे आहे. पण निमिषनं वाचलेलं ते तुझं पत्र मी त्याच्या आवाजात ऐकलं, आणि त्याचा आवाज नरहरसारखा आहे. त्यामुळं तुझं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं सजवलेलं ते मला ठरवता येईना. मला ते तुझ्या तोंडून, तुझ्याकडे बघत ऐकायचं आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही. तेव्हा मी येते. दसऱ्यानंतरचं तिकीट काढलं आहे, २१ ऑक्टोबरला दुपारी पोचेन. चार दिवस राहीन. तुझ्या मनात नसेल तर आत्ताच कळव, मी धर्मशाळेत उतरेन, पण येईन नक्की.

निमिषला यातलं काही सांगू नकोस. तो कॅमेरा घेऊन येईल.

बकुळ